चावी कोणाकडे आणि मानधन कोणाचं: मध्य नागपुरातल्या एका सुरक्षित खोलीचं प्रकरण

मध्य नागपुरात, जुन्या विणकर वस्त्यांच्या मधोमध, एका सार्वजनिक वाचनालयाची तळमजल्यावरची खोली आहे. सकाळी तिथे म्हातारी मंडळी पेपर वाचतात, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली अभ्यासाला बसतात. मार्च २०२५ नंतर या खोलीने आणखी एक काम अंगावर घेतलं. धर्म, जात, लग्न किंवा लैंगिक ओळख यांवरून कुणावर हल्ला झाला असेल, धमकी आली असेल, तर त्या माणसाने इथे यावं, दार लावून बसावं, फोन करावा आणि पुढे काय करायचं ते शांतपणे ठरवावं. हे काम चालू ठेवायला पैसा कुठून आणि कुठल्या नावाने आणायचा, यावर वाचनालय चालवणाऱ्या मंडळात वर्षभर जे घडलं त्याची ही नोंद. लहान संस्थांचे हिशेब पाहणं आणि निधीचे प्रस्ताव लिहून देणं हे माझं काम. त्या नात्याने मी बहुतेक बैठकांना हजर होतो. वाचनालयाचं, वस्तीचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण इथे आलेले लोक आजही याच शहरात राहतात.

त्या रात्री

१७ मार्च २०२५, रमजानचा महिना. संध्याकाळी महाल भागात सुरू झालेला हिंसाचार रात्री हंसापुरीपर्यंत पोचला. दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. मध्य नागपुरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती टप्प्याटप्प्याने उठायला काही दिवस गेले. जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला.

वाचनालयाची चावी ज्या ताईंकडे असते, त्या अभ्यासिकेची देखरेख करतात. वय पन्नाशीचं, माहेर आणि सासर दोन्ही याच भागात. गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला तेव्हा त्यांनी आधी बाहेरचा दिवा बंद केला, मग शटर कमरेइतकं खाली ओढलं आणि स्वतः उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आत अभ्यासाची मुलं होतीच. समोरची एक कोष्टी आजी नातवाला घेऊन आली. यंत्रमागावरून घरी निघालेले दोन मोमीन कामगार सायकली तिथेच टाकून आले. त्यांच्यातल्या एकाने शटरखालून वाकून विचारलं, "दीदी, अंदर आ जाएं?" ताई म्हणाल्या, "या ना बापा, विचारता काऊन? सायकल बी घ्या आत."

शटर पूर्ण खाली आल्यावर त्यांनी अभ्यासिकेचं हजेरी रजिस्टर काढलं आणि मागच्या पानावर प्रत्येकाचं नाव आणि घरचा नंबर लिहून घेतला. मग एकेका घरी फोन लावला: तुमचा माणूस इथं आहे, बरा आहे, तुम्ही शोधायला बाहेर पडू नका. मला या सगळ्यात हा फोन सर्वांत मोलाचा वाटतो. अशा रात्री घरचं कुणी परतलं नाही की बाप, भाऊ, नवरा शोधायला रस्त्यावर येतो, आणि तोच सापडतो गर्दीच्या तावडीत. एका खोलीतून गेलेल्या फोनांनी किती माणसं घरात थांबली, हे कुठल्याच अहवालात येणार नाही.

ताईंचं ऐकलं गेलं याचं कारण साधं होतं. दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतली मुलं त्यांनी वर्षानुवर्षं त्याच खोलीत बसवली होती. मध्य नागपुरात हिंदू कोष्टी आणि मुसलमान मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आहेत. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून हातमाग आणि गिरणी यांच्यातली रस्सीखेचही दोघांनी मिळून सोसली. त्या ओळखीचा साठा वस्तीत होताच. त्या रात्री तो उपयोगी पडला, कारण दार उघडायला ओळखीचं माणूस जागेवर होतं.

मग कोण येऊ लागलं

संचारबंदी उठल्यावर मंडळाने ठराव केला की ही खोली यापुढे अशा प्रसंगांसाठी उघडी राहील. मंडळातल्या काहींना वाटलं होतं, आता दंगल नाही तर कोण येणार? पण दंगलीचे दिवस वर्षात थोडे असतात. द्वेषाचा मार एकट्यादुकट्याला खावा लागतो तो एरवीच.

पार्सल पोचवणारा एक पोरगा आला. पत्ता विचारताना त्याला नाव विचारलं गेलं, आणि नाव सांगितल्यावर थोबाडीत बसली. तक्रार द्यायची नाही, म्हणाला, कामावरून काढतील. ताईंनी त्याला बसवलं, चहा पाजला, शर्टाची फाटलेली कॉलर आणि गालाचा फोटो काढून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच परत आला आणि मंडळातल्या वकील बाईंसोबत ठाण्यात गेला. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, हे वकील बाईंनी शांतपणे वाचून दाखवलं.

एक जोडपं आलं, दोघांचे धर्म वेगळे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्नाची नोटीस दिली की ती कार्यालयात लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. हे ३० दिवसच सर्वांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षित निवारा आणि विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश दिले होते. वाचनालयात मुक्कामाची सोय नाही. त्यांनी तिथे बसून पोलिसांना द्यायचा अर्ज लिहिला, आणि राहायची व्यवस्था मंडळाने ओळखीतून केली. ती कुठे, ते मलाही सांगितलेलं नाही, आणि तसंच हवं.

सर्वांत जास्त शिकवलं ते शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या एका बाईने. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात ती साक्षीदार. त्या कामासाठी नागपूरला यायची आणि दिवसभर बसायला जागा नसायची. बसस्थानकावर बसायची, तिथेच आरोपीच्या गावची माणसं दिसायची. विदर्भात या गोष्टीचं वजन कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, आणि साक्षीदाराने टिकून राहणं म्हणजे काय हे त्यानंतरच्या वर्षांत सगळ्या विदर्भाने पाहिलं. कायद्यात सोय आहे. १९८९ च्या या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं. त्यात साक्षीदाराला संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे हलवणं, आणि संस्था किंवा कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क, हे सगळं लिहिलेलं आहे. त्या बाईला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी तिला पंख्याखालची खुर्ची आणि डबा खायला टेबल दिलं. वकील बाईंनी भत्त्याचा अर्ज दिला. तारीख असली की ती आता थेट वाचनालयात येते.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर ताईंनी लाल पेनाने नंबर लिहून ठेवले आहेत: आपत्कालीन ११२, अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६, मोफत विधी साहाय्य १५१००.

तीन प्रस्ताव

आता पैशाकडे येतो. या कामाची बातमी पसरली तशी मदतीची तयारीही पुढे आली, आणि ती मनापासूनची होती हे मुद्दाम नोंदवतो.

पहिला प्रस्ताव वरचा मजला बांधून देण्याचा. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक असल्याने नगरसेवकाकडे जाण्याचा नेहमीचा रस्ता बंद होता, म्हणून मंडळ आमदार निधीच्या शक्यतेकडे वळलं. आमदारांच्या स्थानिक विकास निधीची मर्यादा वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातून कायमस्वरूपी कामं होतात: सभामंडप, खोली, रस्ता, नाली. मानधन, वीजबिल, फोन यांना त्यात जागा नाही.

दुसरा प्रस्ताव एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च पाहणाऱ्या, विभागाकडून: दारावर आणि आत कॅमेरे, लोखंडी दार, अलार्म. सुरक्षिततेचा विषय निघाला की जगभर आधी हेच सुचतं. ब्रिटनने २०१६ मध्ये द्वेषगुन्ह्यांविरोधी कृती आराखडा आणला, त्यात प्रार्थनास्थळांच्या सुरक्षेसाठी २४ लाख पौंड ठेवले होते आणि ते कॅमेरे, कुंपण, दारं अशा वस्तूंवर खर्च व्हायचे होते. ज्या इमारतीवरच हल्ला होतो तिला याचा उपयोग आहे. आपली अडचण निराळी होती. या खोलीत येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपण इथे आलो हेच कुणाला कळू द्यायचं नसतं. दारावर कॅमेरा लागला तर ती साक्षीदार बाई येणार नाही, ते जोडपं येणार नाही, आणि नाव घेऊन टोमणे मारणाऱ्या पोरांपासून पळून आलेली तृतीयपंथी व्यक्ती तर दाराशीही फिरकणार नाही. चौकाचौकात स्मार्ट सिटीचे कॅमेरे आहेतच. मंडळाने दारावरचा कॅमेरा नाकारला आणि अग्निशामक, इन्व्हर्टर आणि आतून लागणारी भक्कम कडी मागितली. कंपनीच्या अधिकारी बाईंनी कारणं ऐकून घेतली आणि मान्य केली. त्यांच्याविषयी मला आदर आहे.

तिसरा प्रस्ताव वस्तीतल्याच व्यापाऱ्यांचा: दर महिन्याला डबा फिरवू, जो जे देईल ते. याबद्दल पुढे लिहितो.

वरचा मजला, कॅमेरे, अलार्म. यातल्या कशानेही त्या रात्री शटर अर्ध्यावर ओढलं नव्हतं. ते करणाऱ्या ताईंना मंडळाकडून महिन्याला इतकं कमी मिळत होतं की त्या सकाळी दोन घरचे स्वयंपाक करत होत्या. दिवसाचे थकलेले पाय घेऊन रात्री अकरापर्यंत त्या खोली सांभाळत. हा खर्च भरून काढायला एकही निधी तयार नव्हता आणि मला हे फार खुपलं. म्हणून कार्यकारिणीपुढे मी हिशोबच मांडला.

दोन कार्यकर्त्या, पाळीपाळीने, दोघींचं मिळून मानधन महिना २२ हजार. वीज, पाणी आणि फोन सरासरी ५ हजार. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो तेव्हा बिल किती फुगतं ते नागपूरकरांना माहीत आहे, म्हणून सरासरी. हाताशी रोख ६ हजार: रिक्षा, औषध, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, क्वचित कुणाला एक रात्र लॉज. हिशेब आणि ऑडिट २ हजार. एकूण महिना ३५ हजार, वर्षाचे ४ लाख २० हजार. वरच्या मजल्याचा अंदाज १५ लाखांच्या पुढे होता. तेवढ्यात ही खोली साडेतीन वर्षं चालली असती.

मानधन कुठल्या रकान्यात

सीएसआरच्या अर्जात ताईंचं मानधन 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात टाकलं होतं. आमच्याकडच्याच कुणी तरी सवयीने तसं भरलं होतं, सगळ्याच लहान संस्था तसं भरतात. आणि कंपनीकडून उत्तर आलं की प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, सबब मंजूर करता येत नाही.

इथे नियम नीट वाचणं गरजेचं होतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले, त्यात ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेला आहे. ताई खोली उघडतात, माणसाला आत घेतात, त्याच्याशी बोलतात, त्याला ठाण्यात पाठवतात. ही अंमलबजावणीच आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातही, जिथे २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे पगार, जसं दवाखान्यातल्या डॉक्टरचा, त्या मर्यादेत धरत नाहीत. आमच्या मंडळाकडे ती नोंदणी नाही आणि घ्यायचा विचारही नाही, पण तत्त्व तेच.

अर्ज पुन्हा लिहिला. मानधन आणि रोखीची रक्कम 'प्रत्यक्ष कार्यक्रम' या रकान्यात आली, कामाचं वर्णन प्रसंगांसह आलं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआर खर्चाचे विषय दिले आहेत, त्यात 'द्वेषगुन्हे' असा विषय नाही. स्त्री-पुरुष समानता आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांवरची विषमता कमी करणं हे आहेत. त्या मथळ्याखाली प्रस्ताव बसला, कारण येणाऱ्यांत बायका, दलित, रोजंदारीवरचे मुसलमान कामगार आणि तृतीयपंथी हेच बहुसंख्य. कंपनीने एका वर्षासाठी दोन्ही कार्यकर्त्यांचं मानधन मंजूर केलं. ताईंनी सकाळचे स्वयंपाक सोडले.

अर्जातला एक रकाना मात्र शेवटपर्यंत त्रास देत राहिला: 'गरजेचा पुरावा, आकडेवारीसह'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात द्वेषगुन्हा असा वेगळा वर्गच नाही. भारतीय न्याय संहितेत तुकडे आहेत: गटांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६; पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी कलम १०३(२). पण पार्सलवाल्या पोराला बसलेली थोबाडीत साध्या मारहाणीत मोजली जाते. जमावाच्या हिंसेविरुद्ध १७ जुलै २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जापेक्षा खाली नसलेला समन्वय अधिकारी नेमायला सांगितलं, तरी नाव विचारून मारलेला माणूस कुठल्या तक्त्यात येतो हे अनुत्तरितच राहतं. आम्ही त्या रकान्यात आकड्यांऐवजी पाच प्रसंग लिहिले, नावं वगळून.

डबा

व्यापाऱ्यांचा प्रस्ताव मला सुरुवातीपासून सर्वांत भरवशाचा वाटत होता. सीएसआर वर्षाचा असतो, निवडून आलेले लोक बदलतात; वस्ती तिथेच राहते. फक्त डब्यातले पैसे निनावी असतात, आणि धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. म्हणून डबा फिरला, पण वहीसोबत. किराणावाले, रंगारी, माग चालवणारे, साडी विकणारे, महिन्याला ५० ते २०० रुपये, प्रत्येकाचं नाव आणि पावती.

वहीत एका पानावर दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांची नावं एकाखाली एक आली, तेव्हा काही जणांनी आक्षेप घेतला. 'त्यांच्या' पैशाने आपलं वाचनालय? बैठक तापली. मंडळाचे जुने सचिव, निवृत्त शिक्षक, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर म्हणाले की वाचनालयाच्या स्थापनेपासून दाखलखारीज वहीत दोन्हीकडची पुस्तकं आणि दोन्हीकडची वर्गणी आहे, हवं तर कपाटातून काढून दाखवतो. वही काढली. चर्चा तिथे मिटली नाही, एका सभासदाने राजीनामाही दिला, पण डबा थांबला नाही.

मला इथे भिवंडी आठवते. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांना पैसा जवळजवळ लागला नाही. लागला तो माणसांचा नियमित वेळ, दंगल नसतानाही, आठवड्यामागून आठवडे. बीट हवालदाराला त्या वेळेचा पगार सरकार देत होतं. आमच्या ताई सरकारी नोकर नाहीत, म्हणून तोच वेळ आम्हाला विकत घ्यावा लागतो. त्याला 'अनुत्पादक खर्च' म्हणणारा शेरा मी एका जुन्या अहवालात वाचला आहे, आणि तो शेरा लिहिणाऱ्याने एकदा रात्री दहा वाजता या खोलीत येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

आज कुठे आहे

डब्यातून महिन्याच्या ३५ हजारांतले साधारण ९ हजार निघतात. वीज, फोन आणि ऑडिट त्यात भागतं आणि थोडं उरतं. मानधन कंपनीच्या भरवशावर आहे. रोखीचा निधी तुटपुंजा पडतो, विशेषतः लॉजचा खर्च आला की.

दुसरी चावी आता शेजारच्या गल्लीतल्या एका चाचींकडे आहे. हा निर्णय पैशाच्या कुठल्याही अर्जात नव्हता, पण ताईंनी तोच पहिल्यांदा मांडला होता: "मी आजारी पडली तं दार कोण उघडीन?" मंडळाने दोघींची नावं आणि नंबर संबंधित पोलीस ठाण्यात लेखी दिले आहेत. खोलीत कोण येतं याची यादी दिलेली नाही आणि मागितली तरी न्यायालयाच्या आदेशाशिवाय द्यायची नाही, असा ठराव आहे.

वरच्या मजल्याचा प्रस्ताव अजून टेबलावर आहे. मंडळाने कळवलं आहे की बांधकाम करायचं तर मुक्कामाच्या दोन खोल्या आणि वेगळं मागचं दार असं करा, आणि त्याआधी तीन वर्षांच्या मानधनाची सोय कुठून होईल ते लेखी सांगा. उत्तर आलेलं नाही. कंपनीकडे दुसऱ्या वर्षाचा अर्ज गेला आहे. त्यात 'लाभार्थी संख्या' या रकान्यात या वेळी दोन आकडे दिले आहेत, किती माणसं आली आणि किती रात्री खोली उघडी होती.